कासा सरनोबत

"साहेब, ही लग्नपत्रिका आहे," मी म्हणाले.

सरनोबत साहेबांनी खोक्यातून आणखी एक कार्ड काढलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत माझ्यापुढं ठेवलं. "कुठली लग्नपत्रिका? मेनूकार्ड आहे की गं. आत उघडून बघ. तू दिलेलं सगळं छापलंय, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

मी उघडून बघितलं. आत खरंच माझा मेनू होता. दोन आठवडे जागच्या जागी बसून, शब्दकोश चाळून, आमच्या स्पॅनिशच्या रेगे मॅडमकडून तीनदा तपासून घेतलेला स्पॅनिश मेनू. पण त्याच्याभोवती सोनेरी वेलबुट्टी होती. वरती गणपती, गणपतीच्या खाली 'श्री अंबाबाई प्रसन्न', त्याच्या खाली साहेबांच्या कैलासवासी वडिलांचे आशीर्वाद. कागद गुलाबी, आणि हळदीकुंकवाचा ठिपका छापण्यातच घेतलेला.

"आणि हे मागं काय आहे?"

"काय आहे?"

मागच्या पानावर 'प्रमुख उपस्थिती' म्हणून आमच्या मालकांचं नाव होतं. त्याखाली 'संकल्पना व निमंत्रक : श्री. हिंदुराव सरनोबत'. त्याखाली बारीक अक्षरात 'सहकार्य : कु. प्रणोती मगदूम'. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, दोन पोरांच्या नावानं एक ओळ : 'आमच्या आजोबांच्या हॉटेलात जेवायला यायचं हं!'

"साहेब, मेनूकार्डावर नातवंडं कशाला?"

"अगं, ती किलबिल असतीच की शेवटी. साडू म्हणाला, किलबिल घातल्याशिवाय कार्ड मोकळं मोकळं दिसतंय." साहेबांच्या साडूंचा प्रेस होता. वर्षभर त्यात लग्नपत्रिकाच छापल्या जायच्या. "आणि फुकट छापून दिलंय त्यानं. तुला आवडलं न्हाई व्हय?"

मला रडू यायला लागलं होतं, पण ते रागाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पॅनिशच्या वर्गाची परीक्षा होती, आणि त्या परीक्षेवर मी मेक्सिकोला जाणार की नाही ते ठरणार होतं. साधं, पांढऱ्या कागदावरचं, नीट दिसणारं कार्ड पाहिजे म्हणून मी त्यांना चारचारदा सांगितलं होतं. फाईल त्यांच्याकडं दिली, ही माझी चूक. पण "मी छापून आणतो, तू एवढं तरी माझ्यावर सोड," असं साहेब म्हणाल्यावर नाही कसं म्हणायचं?

"छान आहे साहेब," मी म्हणाले.

"मग! नाद न्हाई करायचा," ते खूश होऊन म्हणाले आणि खोकं बंद करायला लागले.

ही गोष्ट कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतली आहे. आम्ही लोखंडाचे सुटे भाग ओतून मेक्सिकोतल्या एका कारखान्याला पाठवायचो. मी डिस्पॅच विभागात होते. माल कधी निघाला, कधी पोचणार, कुठं अडकला, ही पत्रं मी लिहायची. सरनोबत साहेब त्या विभागाचे मॅनेजर. तिकडची माणसं इंग्रजी लिहायची, पण ओढूनताणून. त्यामुळं घोटाळे व्हायला लागले, तेव्हा मालकांनी ठरवलं की आपल्यातल्या चौघांना स्पॅनिश शिकवायचं आणि त्यातल्या एकाला सहा महिने तिकडं, केरेतारो नावाच्या गावात, नेऊन बसवायचं. पुण्याहून रेगे मॅडम दर शनिवारी यायला लागल्या. वर्ग आमच्या कँटीनमध्येच भरायचा.

त्या सहा महिन्यांसाठी मी किती आसुसले होते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पासपोर्ट मात्र गुपचूप काढून ठेवला होता. आमच्या घरात कुणी हुबळीच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. वडील म्हणायचे, दिवाळीनंतर तुझी स्थळं बघायला सुरुवात करू. दिवाळीच्या आधी एकदा विमानात बसायचं, आपला कप, आपली खोली, आपलं कुलूप, असं काहीतरी सहा महिने तरी बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रात्रंदिवस तेच.

चौघांपैकी क्वालिटी विभागातली दोन पोरं महिन्याभरात ढेपाळली. उरलो मी आणि साहेब. साहेब वर्गात यायचे ते मॅनेजर म्हणून. माझ्या हाताखालची पोरगी शिकतेय आणि मी बाहेर बसू, हे बरं दिसत नाही, एवढंच त्याचं कारण. वहीत ते उजळणीसारखे शब्द लिहायचे आणि चहा आला की वही मिटायचे.

"मी काय जातोय आता तिकडं," ते म्हणायचे. "गुडघे गेले माझे. तुमच्यासारख्या पोरांनी जावं. जग बघावं."

हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की मी मनातल्या मनात कपडे भरायला घेतले होते.

शेवटच्या परीक्षेचं काम मॅडमनी जोडीनं करायला दिलं. अर्थातच माझी जोडी साहेबांशी. काम काय, तर एक हॉटेल कल्पायचं, त्याचा दहा पदार्थांचा मेनू स्पॅनिशमध्ये तयार करायचा, प्रत्येक पदार्थाचं वर्णन लिहायचं, आणि मग गिऱ्हाईक आल्यावर वेटर म्हणून त्याची ऑर्डर घ्यायची. ते गिऱ्हाईक मॅडम होणार होत्या. आज मी स्वतः सुट्टीच्या दिवशी स्पॅनिश शिकवते, पण मेनूचा प्रकल्प मी कुणाला देत नाही. त्यापेक्षा व्याकरण बरं.

साहेबांच्या घरी आम्ही कामाला बसलो. पहिला दिवस हॉटेलच्या नावात गेला.

"'ला मेसा' ठेवूया साहेब. म्हणजे टेबल."

"टेबल? हॉटेलचं नाव टेबल? उद्या खुर्ची ठेवशील. घराला काय म्हणतात त्यांच्यात?"

"कासा."

"मग कासा सरनोबत. झालं. पुढचं बोल."

पुढचं बोलायला तोंड उघडलं की काकू बशी घेऊन यायच्या. आधी चकल्या, मग पोहे, मग कसलातरी लाडू. मी "नको काकू, आत्ताच खाऊन आलो," म्हणायची. आमच्याकडच्या मुली बोलताना करतो, आलो असंच म्हणतात. रेगे मॅडमच्या कानाला ते फार खुपायचं. काकू बशी माझ्या हातात कोंबायच्या. मग मी खायची. ते तसंच असतं.

"सोपा दे लेन्तेखास," मी लिहिता लिहिता वाचायची. "डाळीचं सूप."

"डाळ? पाव्हण्याला डाळ? पांढरा रस्सा लिव. तांबडा लिव."

"साहेब, ते लोक बघतील, ह्यांना तिकडचं काय काय येतंय. आपण तिकडचे पदार्थ टाकूया की."

"तिकडचे पदार्थ त्यांना येतात. आपलं काय ते त्यांना दाखवायला नको?"

मी जन्मानं जैन. घरात अंडंही शिजत नाही. आणि मी त्यांच्या हॉलमध्ये बसून, पांढरा रस्सा म्हणजे 'काल्दो ब्लांको', मटण म्हणजे 'कार्ने दे चिवो', त्यात काय काय पडतं, किती शिजवतात, हे काकूंना विचारून विचारून स्पॅनिशमध्ये लिहीत होते. ज्वारीच्या भाकरीला मी 'पान दे सोर्गो' केलं. साहेबांनी ते मोठ्यानं म्हणून बघितलं आणि हसत सुटले. सहा पदार्थ झाल्यावर त्यांनी हात वर केले.

"बास की. दहा कशाला? आणि हे गिऱ्हाइकाला विचारायचं, हे पायजे का ते पायजे, हे मला पटत न्हाई बघ. जेवायला आलेल्या माणसाला विचारतात व्हय? वाढायचं."

"साहेब, हॉटेल आहे हे."

"म्हणून काय झालं? माणूस न्हाई व्हय त्यो?"

मग ते उठून टीव्हीसमोर बसायचे आणि मी उरलेले चार पदार्थ एकटी पूर्ण करायची. वर्णनं एकटी, वेटरची वाक्यं एकटी. त्यांच्या वाट्याची वाक्यं मी देवनागरीत लिहून दिली होती, पाच-सहाच. 'बिएनवेनिदो' म्हणजे या, बसा. 'मास' म्हणजे आणखी. तीही ते गाडीत विसरायचे. वाईट याचं वाटायचं की ह्या माणसावर धड चिडताही येत नव्हतं. निघताना काकू डबा द्यायच्या, साहेब गाडीनं घरापर्यंत सोडायचे, आणि वडिलांना हाक मारून सांगायचे, "मगदूम, तुमच्या पोरीचं डोकं म्हणजे काय सांगू तुम्हाला!"

पत्रिका आली त्या संध्याकाळी मी तडक शाहूपुरीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडं गेले आणि माझ्या पेनड्राईव्हवरून साध्या पांढऱ्या कागदावर तीन मेनू छापून घेतले. ते प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घातले. सकाळी लवकर जाऊन टेबलावर हेच ठेवायचे, साहेबांना काय वाटायचं ते वाटू दे, असं मी ठरवलं होतं.

सकाळी पोचले तर साहेब माझ्याही आधी आलेले. कँटीनमधल्या एका टेबलावर पांढरी चादर, त्यावर झेंडूची फुलं, आणि चार बाजूंना चार गुलाबी पत्रिका. बाजूला डब्यांचा ढीग. काकूंनी पहाटे उठून मेनूतला निम्मा स्वयंपाक खराखुरा करून पाठवला होता.

"खरं जेवण कशाला साहेब? नुसतं नाटक करायचं होतं."

"रिकामी ताटं ठेवू व्हय पुढं? आणि एक सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक मॅडम न्हाईत. मालक त्या बारेराला घेऊन यायलेत."

बारेरा म्हणजे मेक्सिकोच्या कारखान्याचे खरेदीप्रमुख. ते कोल्हापुरात कारखाना तपासायला आले होते, हे मला माहीत होतं. ते आमच्या परीक्षेला येतील हे कुणी सांगितलं नव्हतं.  त्याच क्षणी मालक त्यांना घेऊन आत आले, मागून रेगे मॅडम. मालकांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर टेबलावरची पत्रिका उचलली.

"अरे वा! सरनोबत, हे काय काढलंय?" आपलं नाव वाचून ते गालातल्या गालात हसले. "प्रमुख उपस्थिती! काय राव तुम्ही!"

माझी प्लॅस्टिकची फाईल मी पिशवीत खाली सरकवली.

बारेरा खुर्चीत बसले. मी पुढं झाले. तोंड उघडल्यावर शब्द आपोआप यायला लागले. कासा सरनोबतमध्ये तुमचं स्वागत आहे, आज काय घेणार, सुरुवात कशानं करूया. त्यांनी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारले. हा रस्सा पांढरा कसा? ह्यात दूध आहे का? ही भाकरी मक्याची का नाही? मी सगळं सांगितलं. नारळाचं दूध, तीळ, खसखस. एका शब्दाला अडले तर दुसऱ्या वाटेनं गेले. रेगे मॅडम वही बाजूला ठेवून नुसत्या ऐकत होत्या. मला आयुष्यात इतकं चांगलं काही करता आलं नव्हतं, आणि ते मला करता करताच कळत होतं.

"मी फक्त थोडा पांढरा रस्सा घेईन," बारेरा शेवटी स्पॅनिशमध्ये म्हणाले. "हॉटेलात सकाळी भरपूर नाश्ता झालाय."

मी ते टिपून घेतलं आणि वळले. तोपर्यंत साहेब ताट घेऊन आले होते. आख्खं ताट. पांढरा, तांबडा, सुकं मटण, भाकरी, कांदा, लिंबू.

"साहेब, त्यांनी फक्त पांढरा मागितलाय," मी हळूच म्हणाले.

"असू दे की. बिएनवेनिदो!" साहेब त्यांच्याकडं बघून म्हणाले आणि ताट पुढं ठेवलं.

बारेरांनी हसून एक घास खाल्ला. मग दुसरा. साहेब पातेलं घेऊन बाजूला उभेच. वाटी जरा रिकामी झाली की, "मास?" बारेरा म्हणाले, "नो, ग्रासियास." साहेबांनी वाढलं. परत "मास?" ह्या वेळी त्यांनी वाटीवर हात धरला. साहेबांनी हाताच्या कडेनं नेमका रस्सा सोडला. मालक हसायला लागले, बारेराही हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, तांबड्यानं आलं का हसून, ते कळेना. ते मला म्हणाले, "माझी आजी असंच करायची. नाही म्हटलेलं तिला ऐकूच यायचं नाही." मी ते मराठीत सांगितलं तर साहेबांनी छाती फुगवली आणि आणखी एक भाकरी वाढली.

परीक्षा संपली होती. मॅडमनी मला डोळ्यांनीच सांगितलं की छान झालं. बारेरा हात पुसत मालकांना इंग्रजीत म्हणाले, "या दोघांपैकी कुणालाही पाठवा. मला चालेल."

मालक माझ्याकडं वळले. आता ते मराठीत बोलत होते.

"काय प्रणोती? जाणार काय मेक्सिकोला?"

किती दिवस मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते! उत्तर माझ्या ओठांवर होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं?

"मी? नको की मालक. मी काय... साहेब मोठे आहेत."

मालकांनी मान हलवली. मी तिथंच, हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहिले. आता ते म्हणतील, 'अगं, असं काय करतीस, जा की.' मग मी म्हणणार, 'साहेबांना विचारा.' मग साहेब म्हणणार, 'जा पोरी, जा.' मग मी खाली बघून बरं म्हणणार. सगळं मला पाठ होतं.

मालक साहेबांकडं वळले. "मग सरनोबत, तुम्ही?"

"छे छे. माझं वय काय, मालक. पोरांनी जावं."

"अहो, जावा की."

"नको, नको. हे सगळं ह्या पोरीनं केलंय. मी नावाला आहे. स्पॅनिश तिला येतंय. असली हुशार पोरगी आख्ख्या कारखान्यात न्हाई, तुम्हाला सांगतो." साहेब मनापासून बोलत होते. त्यांच्या आवाजात खोट नव्हती.

"तेच म्हणतो मी," मालक म्हणाले. "असलं माणूस हितं पायजे. तिकडनं काय निरोप आला, तर हितं कळायला नको कुणाला? तुम्ही तिकडं, ही हितं. जावा तुम्ही."

"अहो, पण गुडघे..."

"गुडघ्याला काय विमान चालवायचंय? जावा हो. माझ्यासाठी जावा."

साहेबांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आता तुम्ही एवढं म्हणताय तर..." ते म्हणाले. "बघूया मग."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बारेरांनी साहेबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला, आणि साहेबांनी त्यांना आणखी एक लिंबू दिलं.

सगळे बाहेर गेल्यावर मी ताटं गोळा करत होते. रेगे मॅडम थांबल्या होत्या.

"प्रणोती, तू नको का म्हणालीस?"

"तसं म्हणायचं असतं, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग ते परत विचारतात."

मॅडमनी वही पर्समध्ये घातली. "आमच्या पुण्यात नको म्हणजे नको," त्या म्हणाल्या.

"ते ऐकून आहे मी," मी म्हणाले, आणि इतक्या जोरात वाटी आपटली की तिचा काठ चेपला. कँटीनची वाटी होती. 

साहेब गेले. त्यांच्या पासपोर्टचा अर्ज मी भरला, व्हिसासाठीची पत्रं मी लिहिली. स्टेशनवर त्यांना सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. त्यांच्या गळ्यात हार होता आणि काकू पदरानं डोळे टिपत होत्या. मी काकूंच्या शेजारी उभी राहून हात हलवला. घरी वडील म्हणाले, बरं झालं, पोरीच्या जातीनं एवढं लांब कशाला जायचं. मी जेवताना उठून गेले.

मग फोन सुरू झाले. तिकडं रात्रीच्या जेवणाची वेळ म्हणजे आपल्याकडं सकाळ. मी कंपनीच्या बसच्या घाईत, केसांत कंगवा अडकलेला, आणि साहेबांचा फोन.

"प्रणोती, हितं काय लिवलंय बघ गं. फोटो टाकलाय."

मेनूचा फोटो. त्यांच्या खोलीच्या खाली एक छोटं हॉटेल होतं, तिथं ते रोज जेवायचे. मी फोटो मोठा करून वाचायची. हे चिकनचं आहे साहेब, ह्यात डुक्कर आहे, हे नको, हे घ्या. मग ते फोन वेटरपुढं धरायचे आणि मी इथून, आमच्या स्वयंपाकघरातून, साहेबांची ऑर्डर द्यायची. कांदा वेगळा. मिरची जास्त. भात असेल तर भात. वेटर गमत्या होता. साहेब आत शिरले की तो म्हणायचा, "टेलिफोनमधल्या सेन्योरिताला बोलवा." साहेब मला ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. "हितं सगळे तुला ओळखतात बघ," म्हणायचे. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसायची आणि दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी आईनं पोहे पुढं ठेवले होते आणि फोन वाजला. नेहमीसारखा फोटो आला. नेहमीसारखी मी ऑर्डर दिली. वेटरनं ती परत म्हणून दाखवली. मग तो म्हणाला, "सेन्योरिता, एक विचारू? तुम्ही इतकं छान बोलता. तुम्ही कधी येताय?"

त्यानं सहज विचारलं होतं. हॉटेलात मागं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं.

मला मराठीत जे कधी म्हणता आलं नव्हतं, ते स्पॅनिशमध्ये सरळ बाहेर पडलं. मला यायचंय, मी म्हणाले. मला खूप यायचंय. मला पहिल्यापासून यायचं होतं. एवढं बोलल्यावर माझा आवाज फुटला आणि आई कढई खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली.

वेटरनं फोन साहेबांकडं दिला. मग साहेबांचा आवाज आला.

"काय गं? काय म्हणायलीस त्याला? ह्याचं तोंड का पडलं?"

"काय नाही साहेब."

"न्हाई, सांग. काहीतरी झालंय."

"मला तिकडं यायचं होतं, असं सांगितलं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"अगं, मग तवा का न्हाई म्हणालीस?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मालकांनी तुला विचारलं की. माझ्यासमोर विचारलं."

"विचारलं."

"मग?"

"तुम्हाला चारदा विचारलं, साहेब," मी म्हणाले. "मला एकदाच."

 मागून वेटर हळू आवाजात विचारत होता, जेवण आणू का. ते साहेबांना समजलं नसणार. मी त्याचं मराठी करून सांगितलं नाही. फोन ठेवला, पोह्यांची बशी पुढं ओढली आणि गार झालेले पोहे सगळे खाल्ले.

त्या रात्री साहेब काय जेवले, मला माहीत नाही.